घोटभर पाण्यासाठी

सात वर्षांची एक मुलगी. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग या कोळशाच्या आणि पोलादाच्या शहरातली, गरिबाघरची. घरात साफसफाईसाठी आणलेला कॉस्टिक सोडा तिच्या पोटात गेला होता. तोंडातली आग शमली, जखमा वरून भरल्या, आणि त्यानंतर तिची अन्ननलिका आतून आवळत गेली. आधी भाकरीचा तुकडा अडकू लागला, मग पातळ पेज, मग दूध. डॉ. शेव्हॅलियर जॅक्सन यांच्यासमोर तिला आणले तेव्हा कित्येक दिवस पाण्याचा थेंबही तिच्या पोटात उतरला नव्हता. दिलेले पाणी नाकातोंडातून परत येई.

जॅक्सन यांनी तिच्या घशातून एक बारीक धातूची नळी अन्ननलिकेत सरकवली. अरुंद झालेल्या जागेच्या तोंडाशी अन्नाचे कण आणि चिकट स्राव यांचा करड्या रंगाचा एक बोळा बसला होता. तो त्यांनी चिमट्याने काढला. नंतर नर्सने मुलीपुढे पाण्याचा पेला धरला. मुलीने अगदी छोटा घोट घेतला आणि तो परत येणार म्हणून ती थांबून राहिली. पाणी परत आले नाही. तिने दुसरा घोट घेतला, तोही खाली उतरला. मग तिने नर्सचा पेला धरलेला हात हळूच बाजूला सारला, जॅक्सन यांचा हात धरला आणि त्यावर ओठ टेकवले.

म्हातारपणी, १९३८ मध्ये, लिहिलेल्या आत्मचरित्रात जॅक्सन यांनी ही हकीकत सांगितली आहे. तोवर त्यांना जगभरचे मानसन्मान मिळून गेले होते. अन्ननलिकेत आणि श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहण्याचे शास्त्र ज्यांनी उभे केले त्यांत त्यांचे नाव पहिल्या काही जणांत घेतले जाते. पण त्यांच्या आयुष्यातला मोठा झगडा दवाखान्याबाहेरचा होता. किराणा दुकानात मिळणाऱ्या एका डब्यावर एक शब्द छापला जावा, यासाठी तो झगडा होता.

जॅक्सन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८६५ चा, पिट्सबर्गचाच. तीन भावांत ते थोरले. वडील जनावरांचे डॉक्टर. घरची परिस्थिती बेताची. अंगाने किरकोळ, स्वभावाने शांत आणि अभ्यासू असा हा मुलगा शाळेतल्या दांडग्या पोरांच्या तावडीत सापडला. मारणे, डबा पळवणे, वाटेत अडवणे हे रोजचे होते. एकदा तर त्याचे डोळे बांधून त्याला एका बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत टाकून दिले. योगायोगाने तो सापडला म्हणून वाचला. अंधाऱ्या, अरुंद जागेत अडकून पडलेल्या जिवाला काय वाटते हे या माणसाला लहानपणीच कळले होते. त्याचा आणि पुढच्या कामाचा संबंध जोडायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. एवढे मात्र खरे की दुबळ्याला होणारा त्रास, मग तो माणसाचा असो की जनावराचा, त्यांना जन्मभर बघवला नाही.

हात मात्र पहिल्यापासून कुशल. सुतारकाम, धातूकाम, चित्रकला सगळे जमे. काचेवर आणि चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला आणि फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून १८८६ मध्ये ते डॉक्टर झाले. मराठी वाचकाला हे साल आणि हे शहर ओळखीचे वाटेल. त्याच वर्षी, त्याच फिलाडेल्फियात, विमेन्स मेडिकल कॉलेजातून आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. वर्ष उलटायच्या आत क्षयाने आनंदीबाईंचा घास घेतला. जॅक्सन यांनाही पुढे क्षयाने तीनदा गाठले, पण त्यांना ९२ वर्षांचे आयुष्य लाभले. जेफरसनमध्ये त्या काळी स्त्रियांना प्रवेशच नव्हता, आणि तो पुढे १९६१ पर्यंत नव्हता. आनंदीबाईंच्या त्या कॉलेजचे अध्यक्षपद मात्र १९३५ ते १९४१ या काळात जॅक्सन यांनीच सांभाळले. स्त्रियांनी वैद्यक शिकावे याबद्दल त्यांच्या मनात कसलाही किंतु नव्हता. पिट्सबर्गमधल्या त्यांच्या अगदी जवळच्या सहकाऱ्यांत डॉ. एलन पॅटरसन ही स्त्री डॉक्टर होती.

पदवी हाती पडताच जॅक्सन बोटीच्या सर्वांत स्वस्त वर्गातून इंग्लंडला गेले. घशाच्या विकारांतले त्या काळचे सर्वांत नामांकित डॉक्टर मोरेल मॅकेन्झी लंडनला होते. अन्ननलिकेत डोकावता येईल असे एक उपकरण ते करून पाहत होते, पण ते कामाला येत नव्हते. त्याआधी १८६८ मध्ये जर्मनीत आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या घशातून सरळ नळी थेट जठरापर्यंत उतरवून दाखवली होती. नळी उतरली, पण आत उजेडच पोचेना. मुद्दा उजेडाचा आहे आणि सरळ रेषेचा आहे, हे जॅक्सन यांनी मनाशी पक्के केले आणि ते पिट्सबर्गला परतले.

१८९० मध्ये त्यांनी स्वतःची अन्ननलिकेची दुर्बीण बनवली. तिच्या मदतीने एका मोठ्या माणसाच्या अन्ननलिकेत अडकलेली दातांची कवळी आणि एका मुलाने गिळलेले नाणे काढले. बातमी पसरली, इतर डॉक्टरांनीही तशी उपकरणे मागवली आणि मग वाईट बातम्या येऊ लागल्या. नळी घालताना अन्ननलिका फाटून रोगी दगावत होते. अन्ननलिकेची भिंत पातळ असते. पोटातल्या इतर अवयवांना असते तसे बाहेरचे मजबूत आवरण तिला नाही. ती फाटली की अन्न आणि जंतू थेट छातीच्या पोकळीत, हृदयाच्या शेजारी जाऊन पडतात. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात अशी फाट म्हणजे बहुधा मृत्यूच. जॅक्सन यांना याचा जबर धक्का बसला. उपकरण देण्याआधी ते वापरायला शिकवायला हवे होते, ही आपली चूक झाली असे त्यांनी मानले. काही वर्षे त्यांनी त्या उपकरणाचा प्रसारच थांबवला. पुढे आयुष्यभर ते शिकवत राहिले त्याचे मूळ या चुकीत आहे. आधी रबराच्या नळीवर, बाहुलीवर, मग कुत्र्यावर, आणि हात बसल्यावरच माणसावर, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यांच्याकडे शिकायला येणारा डॉक्टर कितीही मोठा असला तरी त्यातून सुटका नसे.

दरम्यान १८९७ मध्ये जर्मनीतल्या गुस्ताव्ह किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा नळीतून काढला आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट डॉक्टरांना खुली झाली. किलियान यांच्या पद्धतीत उजेड बाहेरून आत टाकला जाई. जॅक्सन यांनी नळीच्या आतल्या टोकाशी चिमुकला विजेचा दिवा बसवला. विहिरीच्या काठावरून कंदील दाखवणे आणि कंदील दोराने तळाशी सोडणे, यांत जेवढा फरक तेवढाच हा. लहान मुलांसाठी त्यांनी चार-पाच मिलिमीटर व्यासाच्या नळ्या केल्या. त्यातून जाणारे लांब दांड्याचे चिमटे, आकडे, कात्र्या त्यांनी स्वतःच्या कार्यशाळेत घडवल्या. उघडलेली सेफ्टी पिन घशात अडकली असेल तर ती ओढून काढायची नसते, टोक मांसात घुसते. ती आतल्या आत मिटवून मग काढायची. यासाठी कोणता चिमटा कोणत्या कोनात धरायचा याचे हिशेब त्यांनी मांडले. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर तो नुसता अडकत नाही, फुगतो आणि त्याच्या तेलामुळे लहान मुलाच्या फुप्फुसात जबर सूज येते, हेही त्यांनी आयांना वारंवार बजावले. आपल्याकडच्या कान-नाक-घशाच्या विभागांत आजही शेंगदाणा अडकलेली बाळे येतात, तेव्हा हा इशारा जुना झाला असे म्हणायची सोय नाही.

या विषयावरचे त्यांचे पहिले पुस्तक १९०७ मध्ये आले. १९११ मध्ये क्षयाने अंथरुणाला खिळवले तेव्हा पडल्या पडल्या त्यांनी पुढच्या मोठ्या ग्रंथाचे काम केले. आकृत्या स्वतःच काढल्या. ते दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने काम करत. वर्गात रंगीत खडूंनी फळ्यावर चित्र काढत शिकवताना त्यांना पाहणे हा एक सोहळाच असे.

१९१६ मध्ये ते जेफरसनमध्ये प्राध्यापक म्हणून फिलाडेल्फियाला आले. नाणी, पिना, बटणे, हाडे गिळलेली माणसे दूरदूरच्या गावांहून रेल्वेने त्यांच्याकडे येऊ लागली. अशा कामाला एक फायदा आहे. वस्तू निघाली की रोगी बरा होतो आणि डॉक्टरच्या तळहातावर यशाचा पुरावा राहतो. लाय गिळलेल्या मुलांचे तसे नव्हते.

लाय म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड. त्या काळी अमेरिकेतल्या घराघरांत त्याचा डबा असे. उरलेल्या चरबीपासून घरीच साबण करायला, मोऱ्या आणि नळ साफ करायला, संडास धुवायला तो लागे. किराणा दुकानात साखर-पिठाच्या शेजारी तो मिळे. दिसायला पांढरा, साखरेसारखा. पाण्यात कालवून ठेवला तर पाण्यासारखा. डब्यावर त्याच्या गुणांचे रंगीत वर्णन असे, पण हे विष आहे असे ठळकपणे सांगणारे काही नसे. आई साबणाच्या कामात असताना रांगणारे, नुकते चालू लागलेले मूल टेबलावरचा पेला उचलून तोंडाला लावी.

आम्ल आणि अल्कली दोन्ही भाजतात, पण वेगवेगळ्या रीतीने. आम्लाने भाजलेला भाग गोठून त्याची खपली धरते आणि तीच काही प्रमाणात पुढच्या इजेला आवर घालते. अल्कली मात्र पेशींतल्या चरबीचा साबण करते, प्रथिने विरघळवते आणि खोल खोल शिरत जाते. चुलीवर चरबीचे जे होते तेच मुलाच्या घशात होते, इतके हे रसायन साधे आहे. पहिल्या काही दिवसांत जळालेला थर गळून पडतो. त्या सुमारास अन्ननलिकेची भिंत सर्वांत कमकुवत असते. मग मूल बरे होऊ लागल्यासारखे दिसते. ते थोडे खाऊ लागते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून आतला व्रण आकसू लागतो. मोठ्या जखमेचा वण जसा कातडी ओढून घेतो तसाच, फक्त इथे तो गोलाकार असतो आणि आत वाट असते. ती वाट पेन्सिलीएवढी होते, मग काडीएवढी, मग दोऱ्याएवढी. अशी मुले लाय पिऊन नव्हे, तर महिन्यांनंतर भुकेने आणि तहानेने मरत.

त्यावरचा जुना उपाय म्हणजे बूजी, क्रमाने जाड होत जाणाऱ्या लवचीक सळया घशातून घालून अरुंद जागा ताणणे. पण हे काम आंधळेपणाने चाले. अरुंद जागेच्या वर अडलेल्या अन्नामुळे अन्ननलिका पिशवीसारखी फुगलेली असते आणि खरी वाट क्वचितच मधोमध असते. न बघता ढकललेली सळई वाट चुकली की पिशवीच्या तळाला भोक पाडते. जॅक्सन यांनी हे काम डोळ्यांनी बघून करायला सुरुवात केली. नळीतून उजेडात वाटेचे तोंड शोधायचे, त्यात अगदी बारीक बूजी अलगद सरकवायची, जोर लावायचा नाही, आणि त्या दिवशी जेवढे जमले तेवढ्यावर थांबायचे. जोर लावायचा नाही ही त्यांची शिकवण या शाखेत आजही पहिल्या दिवशी दिली जाते. मुलांना ते सहसा भूल देत नसत. त्या काळची भूल अशा खंगलेल्या मुलांना झेपत नसे. चादरीत गुंडाळलेले मूल, त्याचे डोके नेमक्या कोनात धरून बसलेला मदतनीस, आणि हातमोज्यांत एरवीही जपलेली जॅक्सन यांची बोटे. काही मिनिटांत काम उरके. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या वेळी तोच सुरक्षित मार्ग होता.

त्यांचे सहकारी गॅब्रिएल टकर यांनी १९२४ मध्ये याच्या पुढची युक्ती प्रसिद्ध केली. मुलाच्या पोटावर छोटे छिद्र करून जठरात थेट अन्न देण्याची सोय करायची, म्हणजे आधी त्याची उपासमार थांबते. मग एक दोरा वरून घशावाटे उतरवून पोटाच्या छिद्रातून बाहेर काढायचा आणि दोन्ही टोके बांधून तो तसाच ठेवून द्यायचा. ठरावीक दिवसांनी त्या दोऱ्याला चातीच्या आकाराची रबरी बूजी बांधायची आणि पोटाकडून वर, घशाकडे ओढून घ्यायची. खालच्या बाजूने अन्ननलिका नरसाळ्यासारखी निमुळती होत गेलेली असते, शिवाय दोरा पुढे वाट दाखवत असतो. त्यामुळे बूजी भरकटण्याची भीती फारच कमी. ही पद्धत आणि टकर यांच्या बूजी पुढे अनेक दशके जगभरच्या मुलांच्या शस्त्रक्रिया विभागांत वापरल्या गेल्या. अगदी अवघड रोग्यांत अजूनही कुठे कुठे त्या कामी येतात.

पण एकदा ताणून भागत नसे. व्रण पुन्हा आकसे. आठवड्याला, पंधरवड्याला, महिन्याला, असे वर्षानुवर्षे त्या मुलाला आणावे लागे. खाणीत किंवा कारखान्यात रोजाने काम करणाऱ्या बापाला हे कसे परवडावे? उपचार थांबले की गाडी पुन्हा मूळ पदावर. जॅक्सन यांना कौतुकाची पत्रे येत होती आणि त्यांच्या दारात लाय गिळलेली नवी मुलेही येत होती. एका मुलाची अन्ननलिका रुंद करायला दोन वर्षे, आणि तोवर किराणा दुकानांतून आणखी किती डबे विकले जाणार? हा हिशेब कुठल्याही नळीने सुटणारा नव्हता.

म्हणून त्यांनी कायद्याचा ध्यास घेतला. मागणी साधी होती. डब्यावर विष असे ठळक छापावे आणि अपघात झाल्यास काय करायचे तेही छापावे. विक्रीवर बंदी घाला असे ते म्हणत नव्हते, कारण गरिबाच्या संसारात लाय लागते हे त्यांना माहीत होते. तरीही उत्पादकांना ते रुचले नाही. साबणाच्या डब्यावर विष लिहिले तर कोण घेईल, अशी त्यांची धास्ती. जॅक्सन यांनी डॉक्टरांना, आमदार-खासदारांना, संस्थांना पत्रे लिहिण्याचा सपाटा लावला. सभांतून भाषणे केली. खर्चही बहुतांशी पदरचा. स्वभावाने ते एकांतप्रिय. गर्दी, मेजवान्या, राजकारण यांचा त्यांना तिटकारा. तरी हे काम त्यांनी वर्षानुवर्षे रेटले. अमेरिकन मेडिकल असोसिएशन त्यांच्या पाठीशी उभी राहिली, आणि ४ मार्च १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांनी फेडरल कॉस्टिक पॉयझन कायद्यावर सही केली.

हा कायदा वाचण्यासारखा आहे, कारण त्यात एका डॉक्टरची नजर दिसते. लाय, अमोनिया, तीव्र आम्ले, कार्बोलिक आम्ल असे डझनभर पदार्थ त्यात नावानिशी आहेत. कॉस्टिक सोड्याचे प्रमाण दहा टक्के किंवा अधिक असेल तर तो लागू होई. पॉयझन हा शब्द साध्या, जाड, मोठ्या अक्षरांत, निदान २४ पॉइंट आकारात, पार्श्वभूमीहून उठून दिसेल अशा रंगात, इतर मजकुराला समांतर छापला पाहिजे, आणि लेबलवर दुसरे कुठलेच अक्षर २४ पॉइंटएवढे मोठे नसेल तर हा शब्द निदान त्यातल्या सर्वांत मोठ्या अक्षराएवढा तरी हवा. कायद्यातल्या पळवाटा ठाऊक असल्याशिवाय असे कलम कोणी लिहीत नाही.

प्रथमोपचाराच्या सूचना मात्र त्या काळच्या समजुतीनुसार होत्या. लाय गिळली तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पाजा, असे तेव्हाच्या डब्यांवर छापलेले असे. अल्कलीवर आम्ल हा तर्क कागदावर बरोबर दिसतो. शरीरात मात्र त्या अभिक्रियेने उष्णता निर्माण होऊ शकते, शिवाय काहीही जास्त पाजले की उलटी होते. उलटी झाली की तेच रसायन जळालेल्या अन्ननलिकेतून पुन्हा एकदा वर येते. म्हणून आज सांगितले जाते ते असे: लिंबू नाही, व्हिनेगर नाही, मिठाचे पाणी नाही, घशात बोटे घालून उलटी करवणे तर मुळीच नाही. तोंड पाण्याने पुसून, चूळ भरून घ्यावी, दूषित कपडे काढावेत, बाटली सोबत घ्यावी आणि मुलाला तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. तोंडात जखम दिसत नाही म्हणून अन्ननलिका सुखरूप आहे असे समजू नये. साधारण पहिल्या एक-दोन दिवसांत दुर्बिणीने आत पाहून इजा किती खोल आहे ते ठरवतात. पुढे आवळण झालीच तर आता भूल देऊन, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, फुग्याने किंवा तारेवरून सरकणाऱ्या डायलेटरने ती ताणतात. कित्येक मुलांना अजूनही वर्षभर, दोन वर्षे फेऱ्या माराव्या लागतात. काहीच जमले नाही तर मोठ्या आतड्याचा किंवा जठराचा भाग वर आणून नवी अन्ननलिका करावी लागते. साधनांत फार फरक पडला आहे, व्रणाच्या स्वभावात नाही. आणि बरी झालेली मुले मोठी झाल्यावरही त्यांच्या अन्ननलिकेवर लक्ष ठेवावे लागते, कारण काही दशकांनी तिथे कर्करोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

आपल्याकडे घरोघरी साबण होत नाही, पण संडास धुण्याचे आम्ल आणि मोरी साफ करण्याचा सोडा असतोच. तो सुटा घेऊन पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवयही असते. असे केले की लेबलासाठी केलेला कुठलाही कायदा त्या बाटलीपुरता संपतो. त्यात आता खेळण्यांतल्या आणि रिमोटमधल्या चपट्या बटण बॅटरीची भर पडली आहे. ती अन्ननलिकेत अडकली की ओलसर अस्तरातून वीज वाहू लागते आणि तिच्या ऋण टोकापाशी तिथल्या तिथे अल्कली तयार होते. गिळली ती धातूची चकती, पण भाजते ती लायच. दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे नाणे गिळले असेल, शौचावाटे पडेल, अशी वाट पाहत बसू नये.

कायदा झाल्यावर जॅक्सन आणखी ३१ वर्षे जगले. एकाच वेळी फिलाडेल्फियातल्या अनेक वैद्यकीय संस्थांतून त्यांनी शिकवले, पुढे टेंपल विद्यापीठात त्यांचा मुलगा शेव्हॅलियर लॉरेन्स जॅक्सन हाही याच विषयाचा प्राध्यापक झाला. श्वासनलिकेला भोक पाडण्याची शस्त्रक्रिया गळ्यात फार वर केली तर स्वरयंत्राशेजारी व्रण होऊन मूल कायमचे नळीवर राहते, हे त्यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले आणि ती शस्त्रक्रिया खालच्या पातळीवर करण्याची शिस्त घालून दिली. घशाच्या डॉक्टरांच्या दृष्टीने हे काम दुर्बिणीइतकेच मोलाचे. शहराबाहेर एका ओढ्याकाठची जुनी पाणगिरणी, ओल्ड सनराइज मिल्स, घेऊन त्यांनी तिथे घर केले होते. लाकूडकाम, चित्रे, उपकरणांची जुळवाजुळव यांत ते रमत. पैसा, कीर्ती असूनही राहणी संन्याशाची. १६ ऑगस्ट १९५८ रोजी त्यांचे निधन झाले.

दोन वर्षांनी, १९६० मध्ये, त्यांच्या कायद्याची जागा घरगुती घातक पदार्थांविषयीच्या एका अधिक व्यापक कायद्याने घेतली. पण १९६७ च्या सुमारास अमेरिकेच्या बाजारात नळ साफ करण्यासाठी तीव्र, पातळ लाय आली. दाणेदार लाय तोंडाला लागताच आगीने मूल ती थुंकून टाकी. पातळ लाय एका घोटात थेट जठरापर्यंत पोचे. अन्ननलिका पूर्ण जळालेली मुले पुन्हा दिसू लागली. बाटलीवर विष ठळक छापलेले होतेच, पण दोन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. अखेर १९७० च्या कायद्याने मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशी झाकणे सक्तीची करण्याची तरतूद झाली, आणि पुढे दोन टक्के कॉस्टिक सोडा असलेल्या पातळ क्लीनरनाही ती लागू झाली.

जॅक्सन यांनी रोग्यांच्या घशातून आणि छातीतून काढलेल्या वस्तू कोणालाही परत दिल्या नाहीत. मागणाऱ्यांशी वाद झाले तरी दिल्या नाहीत. प्रत्येकीवर रोग्याची नोंद लिहून त्या जपल्या आणि १९२४ मध्ये तो संग्रह फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयाला दिला. तिथे आज २,३७४ वस्तू आहेत. ड्रॉवर ओढला की दिसतात पिना, नाणी, बटणे, खिळे, हाडे, खेळण्यांचे तुकडे. लाय गिळलेल्या मुलांच्या अन्ननलिकेतून काढून ठेवण्याजोगे काही निघत नसे, त्यामुळे त्या ड्रॉवरांत ती मुले नाहीत.